मतदान नाही, तरी ठराव होतो: क्वेकर संस्थेत विश्वस्त होताना

तुम्ही काय विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बर्मिंगहॅमजवळ निर्वासित कुटुंबांना घरसामान देणारी एक छोटी संस्था आहे. ती क्वेकर नावाच्या इंग्लंडमधल्या जुन्या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींनी काढलेली, आणि त्यांनी तुम्हाला विश्वस्त म्हणून बोलावलंय. पहिल्याच बैठकीत सगळे सुरुवातीला काही मिनिटं गप्प बसले. एकाही विषयावर मत घेतलं गेलं नाही. मधेच एक बाई काहीतरी लिहीत बसल्या आणि बाकीचे परत गप्प झाले. मग बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि सगळे 'होप सो', म्हणजे 'मान्य', असं पुटपुटले. तुमचे प्रश्न चार आहेत: हा धार्मिक प्रकार आहे का आणि हिंदू माणसाला त्यात जागा आहे का, 'क्वेकर मूल्यं' म्हणजे रोजच्या कामात काय, इतक्या संथपणे संस्था चालते तरी कशी, आणि यातलं काही आपल्या मराठी मंडळात नेता येईल का.

मी इथे बरीच वर्षं अशा संस्थांचे हिशेब, विश्वस्त मंडळं आणि सभांचं लेखन सांभाळत आलो आहे. क्वेकर सदस्य मात्र नाही. त्यांच्या भाषेत 'अटेंडर' आहे, म्हणजे रविवारी येऊन बसणारा पण नाव न नोंदवलेला. तेव्हा भक्तिभावाने लिहीन अशी भीती बाळगू नका. माझं मत आधीच सांगून टाकतो. साधेपणा, सत्य, समता, शांतता ही यादी तुम्हाला त्यांच्या प्रत्येक माहितीपत्रकात मिळेल आणि ती वाचून काही कळणार नाही. असली यादी कुठल्याही शाळेच्या भिंतीवर असते. क्वेकरांचं वेगळेपण सभा कशी घेतात, माणसं कशी नेमतात, कागद कसा लिहितात आणि काम कधी थांबवतात यात आहे. ते एकदा बघितलं की मूल्यं आपोआप दिसतात.

धार्मिक आहे का? मुळात, हो. इंग्लंडमधल्या यादवी युद्धानंतरच्या धामधुमीत, १६५२ च्या सुमारास, वायव्य भागात जॉर्ज फॉक्स नावाच्या विणकराच्या मुलाभोवती हा पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसात देवाचं काहीतरी आहे, ते थेट ऐकू येतं, मधे पाद्री नको, हे त्याचं सांगणं. पाद्री नाही म्हणून प्रवचन नाही, म्हणून रविवारची सभा शांततेत. कुणाला आतून फारच वाटलं तर उभं राहून चार वाक्यं बोलायची आणि बसायचं. (हे ब्रिटनमधलं. जगात सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत, आणि तिथे पाद्री असतात, गाणी असतात, सभा दणक्यात होते. ब्रिटिश क्वेकर हे सोयीस्करपणे विसरतात.)

पाद्री नको, शपथ नको, न्यायाधीशापुढे टोपी काढणं नको, सक्तीचा चर्चकर नको, असं म्हणणाऱ्यांचं जे व्हायचं ते झालं. १६६२ मध्ये खास त्यांच्याविरुद्ध कायदा आला आणि हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांच्या दानधर्माची सुरुवात इथून आहे. मार्गारेट फेल या बाईंच्या पुढाकाराने केंडल गावात तुरुंगातल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी निधी उभा राहिला. १६७५ मध्ये लंडनला 'मीटिंग फॉर सफरिंग्ज' नावाची समिती बसली. तिचं काम लिहून ठेवण्याचं: कुणाला कुठे पकडलं, कुणाची गाय जप्त झाली, हुकूम कुठल्या दंडाधिकाऱ्याचा. मग ते कागद घेऊन दरबारात आणि पार्लमेंटात दाद मागायची. ब्रिटिश क्वेकरांची राष्ट्रीय समिती पुढे शतकानुशतकं याच नावाने भरत आली. करुणा आणि नोंदवही पहिल्यापासून एकत्र, हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

तुमच्या हिंदू असण्याबद्दल. ब्रिटनमधल्या क्वेकरांत 'अमुक मानतो' असं कबूल करायला लावणारा मंत्र नाही. शांततेत तुम्ही मनात रामरक्षा म्हटलीत तरी कुणी विचारणार नाही. फक्त संस्थेची घटना मागून घ्या. काही संस्थांत ठरावीक विश्वस्त क्वेकर सदस्यच असावेत अशी अट असते, काहींत नसते. तुम्हाला बोलावलंय म्हणजे बहुधा नसेलच, पण सही करण्याआधी वाचलेलं बरं.

आता सभा. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. क्वेकर सभेत पहिल्याची गरजच नसते आणि दुसऱ्याला फारसा वाव नसतो. इतिवृत्त, त्यांच्या भाषेत 'मिनिट', त्याच सभेत, त्याच विषयावर, सगळ्यांसमोर लिहिलं जातं, वाचलं जातं, दुरुस्त होतं आणि तिथेच कायम होतं. घरी जाऊन चिटणिसांनी चार दिवसांनी आठवेल तसं लिहायचं, मग पुढच्या सभेत 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणून अर्धा तास जाळायचा, हा प्रकार उद्भवतच नाही. सभा संपली की त्या मजकुरात बदल करायचा अधिकार लिहिणाऱ्यालाही नसतो.

तुम्ही बघितलेल्या त्या बाई सभेच्या क्लार्क. अध्यक्ष आणि चिटणीस ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच असतात, पण अध्यक्षासारखं स्वतःचं मत रेटायची मुभा त्यांना नसते. एखाद्या विषयात क्लार्कला स्वतःला बोलायचं असेल तर त्यापुरती खुर्ची साहाय्यक क्लार्ककडे द्यायची पद्धत आहे. बोलणारा क्लार्कने खूण केल्यावरच बोलतो, तेही सभेला उद्देशून. समोरच्याला 'पण तुम्ही मघाशी म्हणालात' असं थेट उत्तर द्यायचं नाही. एका विषयावर एकदाच बोलावं, आधीच्याचं झाल्यावर थोडं थांबावं, आणि आपला मुद्दा कुणी मांडला असेल तर आपण उठूच नये, असे संकेत आहेत. ते कुणी कठोरपणे लादत नाही, पण मोडलेले लगेच जाणवतात.

मी बसलेल्या एका सभेचं सांगतो. संस्था तुमच्यासारखीच, घरसामानाची. प्रश्न असा की सामान न्यायला येणाऱ्यांकडून कागदपत्रं मागायची का. मतं सरळ दोन बाजूंना पडली. मत घेतलं असतं तर दहा मिनिटांत निकाल लागला असता. क्लार्कने सगळ्यांना थांबवलं, पाचेक मिनिटं लिहिलं आणि वाचलं ते साधारण असं होतं:

'सामानासाठी कागदपत्रं. काहींना वाटतं, साठा अपुरा असताना तो गरजूंपर्यंत पोचतो याची खात्री आपण करायला हवी. काहींना वाटतं, दारात आलेल्या माणसाकडे पुरावा मागणं म्हणजे आधीच त्याच्यावर अविश्वास दाखवणं. आज आमची एकवाक्यता नाही. गोदामात काम करणाऱ्यांचं म्हणणं आम्ही ऐकलेलं नाही. पुढच्या सभेआधी त्यांच्यासह मळणी-बैठक घ्यावी. तोवर चालू पद्धत राहील.'

यात कुणाचंही नाव नाही. सूचक नाही, अनुमोदक नाही, 'अमुक यांनी तीव्र विरोध नोंदवला' नाही. सगळीकडे 'आम्ही'. विरोधी दोन्ही बाजू अशा लिहिल्या आहेत की ज्याची ती बाजू आहे तो मान हलवील. आणि निर्णय झाला नाही हेही ठरावासारखंच स्वच्छ लिहिलंय. मळणी-बैठक म्हणजे जिथे फक्त बोलायचं, काही ठरवायचं नाही, अशी सभा. ठरायचं नसल्यामुळे माणसं मोकळं बोलतात. त्या बैठकीत गोदामातल्या एका स्वयंसेवकाने सांगितलं की लबाडीने कुणी काही नेत नाही. गाडी महिन्यातून एकदाच त्या भागात जाते, त्यामुळे लोक पुढच्या बाळंतपणाचा, येणाऱ्या भावाचा विचार करून आत्ताच जास्तीचं मागतात. पुढच्या सभेत कागदपत्रांचा विषय पाच मिनिटांत मिटला. गाडीच्या फेऱ्या वाढवायचं ठरलं, आणि खरी चर्चा डिझेलच्या खर्चावर झाली.

याला बाहेरचे लोक सर्वसंमती म्हणतात. क्वेकरांना ते फारसं आवडत नाही, आणि माझ्या अनुभवात त्यांचं बरोबर आहे. सर्वसंमतीत प्रत्येकजण थोडं सोडतो आणि सगळ्यांना अर्धवट पटेल असं काहीतरी निघतं. इथे सभा कुठे झुकते आहे याचा क्लार्क अंदाज घेतो, तो शब्दात मांडतो आणि विचारतो: हेच ना? तुम्ही असं म्हणू शकता, की 'मला स्वतःला हे पटलेलं नाही, पण सभेला हे दिसतंय हे मला कळतं, मी आड येत नाही.' हे हार मानणं समजलं जात नाही. उलट एकटाच माणूस ठामपणे नाही म्हणत राहिला तर चांगला क्लार्क थबकतो. नकाराधिकार असा कुणाला नाही. तरी तो एकटा बरोबर असू शकतो, हे या पंथाने फार महागात शिकलंय.

ती गोष्ट बेंजामिन ले यांची. पेनसिल्व्हेनियातले क्वेकर अठराव्या शतकात गुलाम बाळगत. ले ठेंगणे, पाठीला बाक आलेले, आणि भलते तिखट. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत त्यांनी पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी लपवून आणली, गुलाम ठेवणाऱ्यांना शाप देत त्यात तलवार खुपसली आणि आजूबाजूच्या प्रतिष्ठितांवर 'रक्त' उडवलं. त्यांना पंथातून काढून टाकलं. तिथला गुलामगिरीविरुद्धचा पहिला लेखी निषेध तर त्याच भागातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्येच लिहून पाठवला होता. तो 'विषय मोठा आहे' म्हणून वरच्या सभेकडे, तिथून आणखी वरच्या सभेकडे गेला आणि बाजूला पडला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला सदस्यत्वच नाही असं ठरवलं १७७६ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं! मधल्या काळात जॉन वुलमन हे शिंपीकाम करणारे गृहस्थ घरोघर जाऊन गुलाम ठेवणाऱ्या क्वेकरांशी शांतपणे बोलत. ज्या घरात मुक्काम असेल तिथल्या गुलामांना आपल्या सेवेचे पैसे देत. यजमानाला काय वाटलं असेल! क्वेकर हे वुलमन यांचं उदाहरण आवडीने देतात आणि ले यांचं संकोचून. मला वाटतं दोघंही लागले.

संथपणाचं दुसरं उदाहरण तुमच्या शेजारचं आहे. बोर्नव्हिल बघितलंच असेल: १८७९ मध्ये कॅडबरी या क्वेकर चॉकलेटवाल्या बंधूंनी शहरातून बाहेर नेलेला कारखाना, भोवती बागांची घरं, १९०० मध्ये केलेला गावाचा ट्रस्ट, आणि वस्तीत पब नाही. दारूबद्दलची जुनी क्वेकर अढी तिथे अजून दिसते. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी यांच्यासमोर साओ टोमे या पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बेटावरच्या एका मळ्याच्या विक्रीचा कागद आला, आणि त्यात मजूर मालमत्ता म्हणून धरलेले होते. चॉकलेटचा बराचसा कोको तिथूनच येत होता. मग चौकशी, पोर्तुगीज सरकारशी बोलणी, ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा सल्ला, १९०५ मध्ये स्वतःचा माणूस पाठवणं, त्याच्या अहवालाची वाट. खरेदी थांबली १९०९ मध्ये. कॅडबरींनी एका वर्तमानपत्रावर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा त्याच वर्षी सुनावणीला आला. ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचाही पाव हिस्सा. लोक काय समजायचं ते समजले. खात्री करून घेणं हा गुण, पण खात्री होईपर्यंत कुणाच्या पाठीवर कोरडे पडताहेत हा प्रश्न सभेत विचारायलाच हवा. विश्वस्त म्हणून हा प्रश्न तुम्ही विचारा. बाहेरून आलेल्या माणसाला तो विचारणं सोपं जातं.

मग ही माणसं नेहमीच रेंगाळतात का? नाही. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी जर्मनीत अमेरिकन क्वेकरांनी लाखो मुलांना रोज जेवण दिलं. शत्रूच्या मुलांना. हिटलर आल्यावर १९३३ मध्ये लंडनच्या क्वेकरांनी जर्मनीसाठी तातडीची समिती नेमली, आणि बर्था ब्रेसी या शिक्षिकेने ती चालवली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले तेव्हा क्वेकरांचं पथक बर्लिनला जाऊन परिस्थिती बघून आलं. २१ नोव्हेंबरला ज्यू आणि क्वेकर प्रतिनिधी ब्रिटिश गृहमंत्र्यांना भेटले. २ डिसेंबरला मुलांची पहिली तुकडी हारिच बंदरात उतरली. पुढे जवळजवळ दहा हजार मुलं आली. दोन आठवड्यांत हे झालं, कारण समिती, पत्ते, भाषा येणारी माणसं आणि बर्लिनमधली ओळख हे सगळं पाच वर्षं आधीपासून तयार होतं. निर्णयाला वेळ लावणारी संस्था अंमलबजावणीला चटकन उभी राहते, ती अशी. मत घेऊन नऊ विरुद्ध सहाने जिंकलेला ठराव राबवताना ते सहाजण काय करतात, हे आपल्याला मंडळांच्या अनुभवातून ठाऊक आहे.

'क्वेकर मूल्यं' दानधर्मात काय करतात हे बघायचं तर दोन जागी बघा.

एक, कारण शोधणं. यॉर्कचे चॉकलेटवाले जोसेफ राउंट्री यांनी १९०४ मध्ये आपली मोठी संपत्ती तीन ट्रस्टना दिली आणि सोबत एक टिपण लिहून ठेवलं. त्यात ते म्हणतात, यॉर्कच्या सूप-किचनला पैसे मिळायला कधी अडचण येत नाही, पण इथे गरिबी का आहे याची चौकशी करायची म्हटली तर कोणी देणार नाही. म्हणून माझे पैसे वरवरच्या लक्षणांवर न जाता मुळाशी जावेत. तीन वर्षं आधीच त्यांच्या मुलाने, सीबोम राउंट्रीने, यॉर्कच्या कामगार वस्त्यांची घरोघर पाहणी करून गरिबी तुटपुंज्या पगारातून येते, आळसातून नव्हे, हे आकड्यांनी दाखवलं होतं. मला सर्वांत आवडतो तो तीनपैकी एक ट्रस्ट. तो मुद्दाम धर्मादाय नोंदणीबाहेर ठेवला. त्याच्या उत्पन्नावर कर भरावा लागतो, पण त्याला राजकीय कामाला पैसे देता येतात. करसवलत की मोकळीक, या हिशेबात म्हाताऱ्याने एका खिशापुरती मोकळीक निवडली. तुमच्या संस्थेत कुणी म्हणालं की 'पलंग देणं चालू ठेवू, पण या लोकांना महिनोन्‌महिने रिकाम्या घरात का राहावं लागतं हे खासदाराला विचारायला हवं', तर ते विषयांतर समजू नका. तेच त्या परंपरेचं मुख्य काम आहे. पक्षीय प्रचार तेवढा धर्मादाय कायद्यात बसत नाही.

दोन, काम खाली ठेवणं. आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळात डब्लिनच्या क्वेकरांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये मदत समिती काढली. आधी माणसं पश्चिम किनाऱ्यावर पाठवून परिस्थिती स्वतः बघितली, अहवाल छापले, मग भांडी, तांदूळ, मका, बियाणं. त्या काळात काही प्रॉटेस्टंट मंडळी सूप देताना धर्मांतराची अट घालत होती. क्वेकरांनी ते केलं नाही, आणि आयरिश लोकांच्या आठवणीत त्यांचं नाव यासाठी चांगलं राहिलंय. पण १८४९ मध्ये सरकारकडून पुन्हा मदत सुरू करा म्हणून विचारणा झाली तेव्हा समितीने नकार दिला. हे काम आता खाजगी दानाच्या आवाक्यातलं नाही, ते फक्त सरकारच करू शकतं, आणि आम्ही वाटत राहिलो तर सरकार आमच्या आड लपेल, असा त्याचा मथितार्थ. उपाशी माणसं समोर असताना असं लिहायला धाडस लागतं. बरोबर होतं का यावर मी अजूनही ठाम नाही. पण संस्था जन्माला येते तशी तिला संपवताही यावं, ही सवय त्यांच्यात आजही आहे. दर काही वर्षांनी एखादी समिती 'या कामाची आता आमच्याकडून गरज नाही' म्हणून कृतज्ञतेचा मिनिट लिहून बंद होते. आपल्याकडे समिती बंद होत नाही, फक्त तिच्या सभा व्हायच्या थांबतात.

सत्याबद्दल थोडक्यात. जुने क्वेकर दुकानदार घासाघीस करत नसत, एकच भाव लावत, कारण आधी जास्त सांगून मग उतरणं म्हणजे खोटं बोलणं. शपथ घेत नसत, कारण शपथेवर खरं म्हणजे एरवी खोटं. १६९६ पासून कायद्याने त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञापूर्वक सांगण्याची सवलत मिळाली, आणि इंग्लंडच्या कोर्टात आज कुणालाही ती निवडता येते. याचा तुमच्या कामाशी संबंध अनुदानाच्या अर्जात येतो. 'किती जणांचं आयुष्य आमूलाग्र बदललं' असा रकाना असतो. तिथे 'आम्ही अमुक पलंग दिले, पुढे काय झालं ते आम्हाला ठाऊक नाही' असं लिहिणारी संस्था मी बघितली आहे. तिला तो निधी मिळाला नाही. तरी अर्ज तसाच राहिला. लॉटरीच्या पैशातून येणारं अनुदानही बऱ्याच क्वेकर संस्था घेत नाहीत, जुगाराचा पैसा म्हणून. नाताळच्या जत्रेत रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत, ठेवावी का यावर तासभर सभा चालू शकते. तेव्हा हसू दाबा.

माणसं नेमण्याची पद्धत आपल्या मंडळांहून सर्वांत वेगळी. उमेदवारी नाही, पॅनेल नाही. एक नामनिर्देशन समिती असते. ती शांत बसून विचार करते की या कामासाठी लागणारा गुण कुणात आहे, त्या माणसाला विचारते, मग नाव सभेपुढे ठेवते. सभा नाकारूही शकते. मुदत बहुधा तीन वर्षं, फार तर आणखी एकदा. पंचवीस वर्षं तेच अध्यक्ष, हे घडणं अवघड. मोठ्या निर्णयाआधी, नोकरी सोडू का, हे काम अंगावर घेऊ का, अशा वेळी माणूस चार-पाच जणांची बैठक मागू शकतो. तिथे सल्ला द्यायला मनाई असते, फक्त प्रश्न विचारायचे. 'मी तुझ्या जागी असतो तर' हे वाक्य उच्चारायचं नाही. मराठी माणसाला हे किती जड जातं ते मी स्वतःवरून सांगतो.

त्रुटी सांगायलाच हव्यात. जिथे मत मोजत नाहीत तिथे वजन मोजलं जातं, आणि वजन बहुधा जुन्या, सुशिक्षित, गोऱ्या, निवृत्त माणसाकडे असतं. तो हळू आवाजात 'मला थोडी अस्वस्थता वाटते' म्हणाला की विषय महिनाभर पुढे जातो. तुम्ही तेच म्हणालात तर जाईलच असं नाही. राग दाखवणं असभ्य मानल्यामुळे भांडणं मिटत नाहीत, फक्त थंड होतात. शांतता कधी विचाराची असते, कधी कुणालाच बोलायचं धाडस नसल्याची. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. राउंट्रींच्या नावाच्या संस्थांनी २०२१ मध्ये जाहीर कबूल केलं की ज्या संपत्तीवर आपण उभे आहोत तिच्यात गुलामीचे आणि वेठबिगारीसारख्या मजुरीचे धागे आहेत. कबूल केलं हे चांगलं. पण किती उशिरा, हेही मोजायला हवं.

आणि एक कायद्याची गोष्ट. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थेचे विश्वस्त सामूहिकरीत्या जबाबदार असतात, सभेत मत घेतलं असो वा नसो. मिनिटात नावं नसल्यामुळे 'मी विरोध केला होता' हे नंतर दाखवता येत नाही. म्हणून मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न, पैशांतली गफलत, नोकरांच्या पगाराची थकबाकी, असल्या बाबतीत सभेचा सूर लागायची वाट बघू नका. स्पष्ट बोला आणि तुमची चिंता मिनिटात शब्दशः यावी असा आग्रह धरा. चांगला क्लार्क ती लिहील. लिहीत नसेल तर त्या संस्थेत राहायचं का, याचा विचार करा.

भारताशी यांचा संबंध तुम्ही विचारला नाहीत, पण तुम्ही राहता तिथून तो दोन पावलांवर आहे. सेली ओकमध्ये वुडब्रुक नावाचं क्वेकर अभ्यासकेंद्र जॉर्ज कॅडबरींच्या घरात १९०३ मध्ये सुरू झालं. गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी १९३१ मध्ये तिथे गेले होते. तिथे शिकवणारे होरेस अलेक्झांडर पुढे १५ ऑगस्ट १९४७ ला कलकत्त्यात गांधीजींसोबत होते. अगाथा हॅरिसन यांनी लंडनमधून भारत आणि ब्रिटन यांच्यात समेटासाठी वर्षानुवर्षं काम केलं. आणि मार्जोरी साइक्स, इंग्लंडच्या शिक्षिका, स्वातंत्र्यानंतर वर्ध्याला सेवाग्राममध्ये नई तालीमच्या शिक्षकांना घडवत होत्या, भारताच्या नागरिक झाल्या. वर्ध्याकडच्या जुन्या सर्वोदयी मंडळींच्या सभांत जी शांतता आणि एकमताचा आग्रह असतो, तो विनोबांचा आणि गांधींचाच. पण त्या वर्तुळात क्वेकर मंडळी होती आणि दोघांना एकमेकांची पद्धत ओळखीची वाटली, यात नवल नाही.

शेवटी तुमचं मराठी मंडळ. सुरुवातीची शांतता नेऊ नका, लोक मोबाइल काढतील. मिनिट न्या. पुढच्या कार्यकारिणीत एकच विषय घ्या, शक्यतो पैशाचा, म्हणजे दिवाळी कार्यक्रमाचं तिकीट किती ठेवायचं असा. लिहिणारी व्यक्ती अध्यक्ष नसावी आणि त्या विषयात तिचा हितसंबंध नसावा. चर्चा झाली की सगळ्यांना थांबवून तिला पाच मिनिटं द्या, मग चार ओळी वाचायला लावा, दोन्ही बाजूंचं म्हणणं त्यात आलंय का हे विरोधकालाच विचारा, आणि तो मजकूर चहा येण्याआधी कायम करा. सर्वसाधारण सभेत लगेच करू नका. दीडशे जणांना ही सवय नाही, आणि त्यातले निम्मे फक्त जेवणासाठी आलेले असतात. कार्यकारिणीत तीन-चारदा जमलं तर मुदतीचा नियम घ्या, तीन वर्षं आणि आणखी तीन. त्यावर मात्र घटनेत दुरुस्ती लागेल आणि आत्ताचे पदाधिकारी आयत्या वेळचा विषय म्हणून तो येऊ देणार नाहीत. नोटीस तीन आठवडे आधी, लेखी पाठवा.